डाव्या पायाचं वाण

जुलैतली संध्याकाळ इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये नऊ वाजले तरी मावळायचं नाव घेत नाही. त्या रेंगाळलेल्या, मधाच्या रंगाच्या उजेडात आमच्या गॅरेजमधून पॉलिशपेपरचा आवाज यायचा: सर्र, सर्र, मग एक फुंकर, आणि पुन्हा सर्र. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, साडीवर माझा जुना कार्डिगन आणि पापण्यांवर बांबूची पिवळसर धूळ, अशा माझ्या सासूबाई उंबऱ्याशी बसलेल्या असत. सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या लेकीकडे आल्या होत्या. लोकांच्या सासवा इथे येऊन राणीचा वाडा पाहतात. माझ्या सासूबाई माझ्यासाठी स्की करत होत्या, बर्फावरून घसरत जायच्या त्या लांब फळ्या, घरी आणि हातानं.

मला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आणि आखूड राहिला. हे सांगायला आज मला दोन वाक्यं पुरतात. तेव्हा ती दोन वाक्यं मी ऐन उन्हाळ्यातही पायमोज्यांत आणि फुल पँटमध्ये दडवून फिरत असे. याच पायामुळे सासूबाईंनी आमच्या लग्नाला साफ नकार दिला होता. त्यांची लेक रेवती बधली नाही, लग्न झालं, आणि मग त्यांनी जावई म्हणून मला डोक्यावर घेतलं. माझ्या पुरणपोळीवरची तुपाची धार कधी आखडली नाही. मात्र त्यांची नजर माझ्या गुडघ्यांखाली कधी उतरली नाही. ते मौन आम्ही दोघंही काचेच्या भांड्यासारखं जपत होतो.

आमच्या गावात छताखाली खऱ्या बर्फाचा उतार आहे, बारमाही. ऑफिसच्या टीमबरोबर मी तिथे गेलो, आणि डोंगर उतरणाऱ्यांसारखं आपणही एकदा सुळकन जावं, ही शाळेच्या मैदानाकडेला बसून वाढवलेली इच्छा उफाळून आली. पण भाड्याच्या स्की दोन्ही सारख्याच ताठ. माझ्या डाव्या पायाच्या जोराला त्यातली फळी दादच देईना. शिकवणारा गोरा पोरगा भला होता. त्यानं मला हळुवारपणे कॅफेची वाट दाखवली. घरी येऊन मी हा किस्सा हसत हसत सांगितला.

रेवती हसली नाही. "पण अनईक्वल पेअर मिळत नाही का कुठे?"

"अगं, दुकानात जोडी मिळते. विजोड कोण विकणार?"

मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "विकत नसेल तर घरी करू." पापडापासून आकाशकंदिलापर्यंत प्रत्येक गोष्टीबद्दल त्या असंच म्हणत. पुरुषभर उंचीचे कंदील त्यांनी सबंध आळीसाठी केले होते, आणि बांबूची कामटी त्यांच्या हातात आली की मुकाट वाकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेप घेऊन माझ्यापुढे जमिनीवर बसल्या. "जावईबापू, पायमोजा काढा." मी तो ओढून काढला. खिडकीतून आलेला स्वच्छ, निर्दय उजेड त्या पायावर पडला होता, आणि त्या पाहत होत्या. कीव नव्हती, घाई नव्हती. घोटा हातात घेऊन त्यांनी माप घेतलं, मग बाथरूमच्या वजनकाट्यावर एकेक पाय दाबायला लावला. डाव्याच्या वेळी काटा जेमतेम हलला.

"याची फळी नरम करू, आणि बुटाखाली उंचवटा देऊ," त्या म्हणाल्या. "दोघांना एकच माप लावायला पाय काय सरकारी आहेत?"

मग गॅरेजचा कारखाना झाला. रेवती इंटरनेटवरून कृती वाचायची आणि सासूबाई त्यात मीठमसाला घालायच्या. घराच्या जमिनीला बसवलेल्या फळ्यांतून उरलेला बांबू, त्याच्या खाली-वर काचेच्या धाग्यांचं कापड, मध्ये चिकटवायला रेझिन, कडेला पोलादी पट्टी, आणि दाबाला लेस्टरच्या देशी दुकानातून आणलेली तांदळाची पोती. त्या आठवड्यात भातासाठी तांदूळ काढायचीही आम्हाला चोरी होती. तरी पहिल्या खेपेला पोती उचलली, तर थर पापुद्र्यासारखे सुटले. रेवतीचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मात्र गार फरशीवर तळहात ठेवला. "विरजण लागलं नाही. या देशात दह्यालासुद्धा पांघरूण लागतं." दुसऱ्या खेपेला पोत्यांखाली माझं इलेक्ट्रिक ब्लँकेट गेलं, आणि स्की लागल्या.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचं जेवण, पाट, रांगोळी, सगळं साग्रसंगीत झालं. जावयाचे पाय धुवायला सासूबाई परात घेऊन आल्या, तेव्हा मी आपण होऊन दोन्ही पायमोजे काढले. डाव्या पायावर पाणी घालताना त्यांचा हात थांबला.

"याच पायाला मी नाही म्हटलं होतं हो. चुकलं माझं."

"आई, पाणी फार गार आहे," मी म्हणालो, आणि आम्ही तिघंही हसत रडलो. मग लाल कापडात गुंडाळलेलं ते विजोड वाण त्यांनी माझ्या हातात ठेवलं. अधिकाचं वाण जाळीदार लागतं, रेवतीनं आठवण करून दिली. "बूट बसवायला भोकं पाडलीत ना? झालं जाळीदार!" सासूबाई म्हणाल्या.

त्या शनिवारी उताराच्या पायथ्याशी त्या साडीवर माझं जाड जॅकेट चढवून उभ्या होत्या, श्वासाची वाफ सोडत. वरून मी निघालो. उजवीकडे वळायचं, तर भार डाव्या पायावर द्यावा लागतो. जन्मात ज्याच्यावर विसंबलो नव्हतो, त्या पायावर मी डोळे मिटून भार दिला. फळी वाकली. मी वळलो! पुन्हा एकदा वळलो, आणि मग थेट त्यांच्या पुढ्यात सपशेल आडवा झालो.

"अहो जावईबापू, नमस्कार नंतर करा," त्या ओरडल्या, "आधी परत वर जा!"

दिवाळीआधी त्या सांगलीला परतल्या. पुढे दोन-तीन वर्षांनी, एका हिवाळ्यात, त्या गेल्या. मी आता उन्हाळ्यात अर्धी चड्डी घालून रेडवेवर, इथल्या लाल पायवाटांवर, फिरायला जातो. सायकलवरची पोरं पायाकडे बघतात, मी त्यांना हात करतो. हे ऋण फेडायचं नसतं, नुसतं अंगावर बाळगायचं असतं, आणि मी ते आनंदानं बाळगतो. काळ माणसाला नेतो, त्याचा आवाजही हळूहळू पुसट करतो. पण ज्या नजरेनं आपल्याला एकदा संपूर्ण पाहिलं, ती मिटल्यावरही आपल्याला पुन्हा लपता येत नाही.