सुई लाल पट्ट्यात

बाबांनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली ती अर्धी आत, अर्धी बाहेर. इंजिन बंद केलं, पण हेडलाइट तसेच चालू ठेवले, तेही भर दुपारी बारा वाजता.

"टेंपरेचरची सुई लाल पट्ट्यात जातेय," उतरता उतरताच ते म्हणाले. "पुलावर तीनदा थांबलो. तिकडे आत्या दुधाची वाट बघतेय आणि मी कठड्याला टेकून इंजिन निवायची वाट बघतोय."

"पाणी बघितलंत?"

"पाणी बघायला मला तुझी गरज नाही. काठोकाठ आहे." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? गाडी तापत नाहीय. पाइपावर हात ठेवून पाच आकडे मोजता येतात. उकळत्या इंजिनावर दोनसुद्धा होत नाहीत. सुईच खोटं बोलतेय असं मला वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर गाडी चालवायची नाही. तू बघ, आणि मला दाखव."

दाखव, हा आमच्या गॅरेजचा कायदा. बाबांनी तो एकतीस वर्षं पाळला आणि गेली बारा वर्षं मी पाळतेय. काय बिघडलं ते तोंडाने सांगायच्या आधी बिघडलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी ठेवायचा. न दाखवता बोलतो तो मेकॅनिक नाही, ज्योतिषी आहे, असं बाबा म्हणायचे.

गाडी सव्वीस वर्षांची. तिला कवडीची किंमत नव्हती, पण तिच्यावर आत्याचा दिवस चालायचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी, नदीपलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटी. दोन वर्षांत जिना उतरलेली नाही. बाबा रोज सकाळी दूध आणि पेपर घेऊन जायचे, दोघं मिळून शब्दकोडं सोडवायचे आणि एकेका शब्दावरून कडाकडा भांडायचे. बसने जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात आणि वर बरंच चालावं लागतं. बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. गाडी बंद पडली तर आत्याचं दार वाजवणारं कुणी उरणार नव्हतं.

बाबा मागे घरात जाऊन आडवे झाले आणि मी बॉनेट उघडलं. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. सुई निमूट मधोमध. पंखा वेळेवर फिरला, वेळेवर थांबला. पाण्याच्या टाकीत एक बुडबुडा नाही. थर्मामीटर लावून बघितला, तर अठ्ठ्याऐंशी, म्हणजे जितकं हवं तितकंच. मी डोकं खाजवत बसले. मग आठवलं की बाबा आले तेव्हा दिवे चालू होते. दिव्यांचा खटका दाबला आणि सुई सरसर चढत लाल पट्ट्यात गेली. बंद केला, खाली आली. टॉर्च हातात धरून डॅशबोर्डच्या मागे डोकं घातलं. दिवे आणि सुई दोघांच्या सामाईक अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू ढिला झाला होता आणि टोकावर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. पॉलिश पेपरने घासलं, स्क्रू आवळला, दिवे लावले. सुई मधोमध. दहा मिनिटांचं काम! बाबांचा हात बरोबर होता आणि सुई खोटी होती. मला इतका आनंद झाला की एकटीच मोठ्याने हसले.

तेवढ्यात दादा आला. दादाचं गाड्यांबद्दलचं ज्ञान पेट्रोलच्या झाकणापाशी संपतं, पण मत मात्र टाकी भरून असतं.

"काय निघालं?"

"काही नाही. एक वायर. पण भर दुपारी दिवे लावून हिंडायचं काय कारण, तेवढं कळेना."

"मीच सांगितलंय लावायला," दादा म्हणाला. "त्यांना समोरचं दिसत नाही, निदान समोरच्याला तरी ते दिसू देत."

मग त्याने मागच्या महिन्यातली गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेला एक सायकलवाला सायकल धरून उभा होता. बाबांनी त्याचं हँडल उडवलं. माणूस गवतात पडला, उठला, शिव्या देत निघून गेला. बाबा म्हणाले, आडवा आला. "तो हललासुद्धा नव्हता," दादा म्हणाला. "मी शेजारी बसलो होतो."

मी गाडीकडे बघितलं. अजून अर्धी आत, अर्धी बाहेर. ज्या माणसाने एकतीस वर्षं या दारातून बोटभर अंतर ठेवून गाड्या आत घेतल्या, त्याला आज दारच सापडलं नव्हतं. माझ्या ते ध्यानात आलं होतं आणि मी कानाडोळा केला होता.

"इंजिन गेलं म्हणून सांग," दादा म्हणाला. "जुनी गाडी आहे, आता दुरुस्त होत नाही म्हण. मिटला विषय."

"इंजिन ठणठणीत आहे."

"मग डोळे गेले म्हणून सांग. जा, आत्ता जा. तोंडावर सांग."

मी जागची हलले नाही. या दारातून मी माझ्या दुप्पट आकाराची गिऱ्हाइकं हाकलून दिली आहेत. माझ्या तोंडाला लागायला अख्खी गल्ली घाबरते. पण तुम्हाला दिसत नाही, बाबा, एवढे चार शब्द मला जमेनात. इंजिन मेलं तर कुणाचा अपमान होत नाही.

"आणि आत्या?"

"दर रविवारी मी नेईन की बाबांना तिकडे."

दादाचे रविवार मला माहीत आहेत. तरी मी मान डोलावली. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

पण आमच्याकडे दाखवावं लागतं. मागच्या भिंतीवर जुने भाग टांगलेले असतात, त्यात याच मॉडेलचं एक जळकं गॅसकेट होतं. गॅसकेट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला पातळ पत्रा, तो जळला की इंजिन तापायला लागतं. मी ते काढलं, धूळ पुसली, वर ताजं तेल चोपडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले तेव्हा माझ्याच बापाच्या हातात ठेवलं.

"हे जळलंय, बाबा. इंजिनाचं वरचं हेड पण वाकलंय. आता काही होत नाही."

त्यांनी गॅसकेट डोळ्यांजवळ नेलं नाही. डावीकडून उजवीकडे अंगठा फिरवला, जिथे जळालं होतं तिथे थांबले. मग कडेने नखाने खरवडलं आणि वास घेतला.

"तेल ताजं आहे," ते म्हणाले. "गंज जुना आहे."

मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"याला पाण्याचा वास नाही. हे वर्षभर भिंतीवर होतं. दादाने सांगितलं?"

"त्याने सुचवलं. केलं मी."

"काय निघालं होतं?"

"डॅशच्या मागची वायर. सुईच खोटी होती. तुमचा हात बरोबर होता."

"हं." त्यांनी गॅसकेट बाकावर ठेवलं, चिंधीने एकेक बोट पुसलं. "मला दिसत नाही ते मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? वायर माझी मीच बघितली असती. दिसली नाही म्हणून तुझ्याकडे आणली. तू म्हणाली असतीस, बाबा, आता पुरे, तर मी किल्ली दिली असती. आदळआपट केली असती, चार दिवस बोललो नसतो, पण दिली असती."

खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली.

"मी सोडते तुम्हाला आत्याकडे. आजपासून रोज. आता निघू या."

ते ऐकलंच नसल्यासारखे दूध आणि पेपर पिशवीत भरत होते. दारापर्यंत गेले आणि वळले.

"बारा वर्षांत किती गिऱ्हाइकांच्या हातात असलं ठेवलंस?"

"एकाच्याही नाही! बाबा, शपथ, एकाच्याही नाही."

"बरं," ते म्हणाले. तेल वेळेवर बदललंय असं खोटंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकांना ते असंच बरं म्हणायचे. मी त्याच सुरातलं ते बरं लहानपणापासून ऐकत आलेय, आणि त्याचा अर्थ काय होतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

बसथांबा आमच्या समोरच आहे. ते रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. एक बस आली. त्यांनी मान पुढे काढून पाटी बघितली, डोळे बारीक केले, आणि बस निघून गेली. ती त्यांचीच होती. दुसरी आली तेव्हा त्यांनी शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. मी किल्ली मुठीत धरून दारात उभी होते. हाक मारायचं धाडस होईना.

फोन वाजला. दादा होता.

"काय गं, जमलं का?"

"जमलं," मी म्हणाले.