निळ्या रंगाची खातरजमा

रंगाच्या कारखान्याने एकाच दिवशी नऊ जणांना नारळ दिला. त्यांतल्या सात जणांनी पन्नाशी ओलांडली होती. साहेबांनी कारण दिले ते एवढेच : “नव्या दमाची माणसं हवीत.” सातांपैकी सहा जणांनी वकील गाठून तक्रारीवर सह्या केल्या. अडून बसला तो छटा जुळवणारा रंगतज्ज्ञ.

तक्रारीत ‘आमच्या कामात उणीव नव्हती’ असे एक वाक्य होते. आपल्याला वयामुळे काढले, हे गृहीतक रंगतज्ज्ञाला फार सोयीचे वाटत होते आणि म्हणूनच त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते, निळा मंदावतो. गेल्या वर्षी त्याने जुळवलेली एक निळी छटा ग्राहकाने परत पाठवली होती.

“अहो, सात जणांचे डोळे एकदमच गेले का?” बायकोने विचारले.

“इतरांचं मला ठाऊक नाही. मी माझ्यापुरतं बोलतोय.”

“घराला आग लागली तर तुम्ही आधी थर्मामीटर शोधाल.”

रविवारी सकाळी त्याने प्रयोग मांडला. पांढऱ्या रंगात निळा आणि हिरवा वजन करून मिसळत त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या रंगवल्या. ओल्या रंगाचा वास आला आणि त्याला कारखाना आठवला. प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीशी पट्टी वाळायची वाट पाहत तिघेतिघे उभे राहत. तांबडा किंचित जास्त झाला की नाही, यावर चहा गार होईपर्यंत भांडत. तसे भांडायला आता घरात कोणी नव्हते.

पट्ट्या वाळल्यावर मुलीने मागे क्रमांक घातले आणि त्या पिसल्या. त्याने खिडकीशी बसून निळ्यापासून हिरव्यापर्यंत त्या ओळीने लावल्या. तुलनेसाठी मग मुलीलाही बसवले. त्याची एक जोडी उलटी लागली होती, मुलीच्या तीन.

“बाबा, तुम्ही पास. मीच नापास,” ती म्हणाली.

“तुझा डोळा तरुण आहे, पण शिकलेला नाही. ही तुलना कच्ची आहे.”

“पण तुम्हाला निळा दिसतो, हे तर पक्कं?”

“तेवढं म्हणता येईल.”

“मग करा सही,” बायकोने पेन पुढे केले. “का आता माझेही डोळे तपासायचेत?”

त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखेच नेटके आले. तरीही आपण हिरमुसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने कारण शोधले. दोष डोळ्यात निघाला असता, तर डॉक्टरने भिंग बदलून दिले असते. मग त्याच दारातून आत जाऊन ‘आता पाहा’ असे म्हणता आले असते. इतके दिवस त्याला नापास व्हायचे होते. वय बदलून देणारा डॉक्टर नव्हता.

मुलगी पट्ट्या गोळा करू लागली.

“राहू दे,” तो म्हणाला. “पुन्हा पिस.”

“कशाला? निकाल लागला ना?”

“लागला गं.” त्याने खुर्ची खिडकीजवळ ओढली. “पिस तू.”