भट्टीवाल्याच्या घरचा पाव

"जळला तर भट्टीवाल्याचा गं पोरी, मळणारीचा कधी नाही!"

चौकशीच्या खोलीत उभ्या महजूबाला बाचा तो जुना आवाज ऐकू येत होता. कासाब्लांकातल्या त्यांच्या गल्लीची भट्टी बाची. घरोघरची कणीक फळीवरून यायची, प्रत्येक पावावर त्या त्या घराची खूण. बाच्या घरचा पाव तेवढा बिनखुणेचा. कुणाचा जळला, की बा आपल्या पावावर सुरीनं त्यांची खूण कोरी आणि फळीवर ठेवी. बाहेर बोलायचं नाही, अशी घराला शपथ.

आता ती विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात होती. इथली भट्टी मायक्रोवेव्हची. ना ज्वाळा, ना धूर. राळेत भिजलेल्या काळ्या कार्बन-कापडाचे थर आतल्या आत तापून दगड व्हायचे. थर महजूबा रचायची, भट्टी अय्याद चालवायचा, तिच्याच गल्लीतला. कापडाच्या उघड्या कडांवर ठिणग्या उडतात, म्हणून कडांना ॲल्युमिनियमची पट्टी लावायची असे.

त्या दिवशी गिऱ्हाईक मंडळी काचेपलीकडे खोळंबली होती.

"राहू दे गं लल्ला, पट्टीबिट्टी! तुझी नवरी सजेस्तोवर वऱ्हाड पळून जाईल," अय्याद हसला होता. त्यांच्या गल्लीत बाईमाणसाला मानानं 'लल्ला' म्हणत.

भट्टी त्याची, शब्द त्याचा. तिनं हात मागे घेतला. आणि पाहुण्यांदेखत काचेआड निळ्या ठिणग्या नाचल्या. पंखाचा तुकडा करपून गेला.

"पट्टी का लावली नाही?" चौकशीच्या खोलीत साहेबांनी विचारलं.

महजूबानं अय्यादकडे पाहिलं. आता भट्टीवाला बोलेल.

"रचणारीचं काम ते, साहेब," तो बुटांकडे बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या हाती झाडू आला.

जेवणाच्या सुट्टीत अय्याद दबकत आला. फडक्यात पाव होता.

"रागावलीस, लल्ला? माझी पोरं लहान आहेत गं. घे, घरचा आहे."

तिनं पाव हातात घेतला, उलटा करून पाठीवर टिचकी मारली. छान भाजला होता.

"लहानपणी तू खेळत बसायचास. फळी उशिरा आणायचास. मग जागा उरायची ती निखाऱ्यालगतची. तुझा पाव कधी जळला, अय्याद?"

"कधीच नाही! सावत्र आईनं चामडी सोलली असती. तुझा बा उस्तादच."

"जळायचा," महजूबा म्हणाली. पाव तिनं त्याच्या हातात परत ठेवला. "तू घरी नेलास तो माझ्या वाटणीचा. तुझा मी खायचे."