कावळ्याचं कव्हर

मी कानाची यंत्रं बसवते. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं आपणहून येत नाहीत. बायको, मुलगी नाहीतर सून त्यांना धरून आणते. त्या सकाळी आलेल्या उंच गृहस्थांनाही त्यांच्या बायकोनंच आणलं होतं.

"मॅडम, घरात मी भिंतीशी बोलतेय की यांच्याशी, तेच कळत नाही," ती मुद्दाम त्यांनाही ऐकू जाईल अशा चढ्या आवाजात म्हणाली.

"भिंतीला निदान उत्तर द्यावं लागत नाही," गृहस्थ म्हणाले.

तो आवाज ऐकला आणि माझ्या हातातलं यंत्र मी खाली ठेवलं. असा खर्ज एखाद्यालाच मिळतो.

"तुम्ही कावळा!" मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले. तरी नाही. शेवटी "कावळा! कावळा!" असं ओरडले, तेव्हा बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले आणि गृहस्थांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगायला कशाला हवं होतं? मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझा दादा कुठून कुठून कॅसेट आणायचा. तेव्हा परदेशात नुकतेच काही उदास बँड निघाले होते. त्यांच्यात बेस गिटार सगळ्यांच्या पुढे चालायची, दुसरी गिटार रिकाम्या खोलीत नळ ठिबकावा तशी वाजायची आणि गाणारा विहिरीच्या तळाशी बसून गायचा. याला गॉथ रॉक म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं. आई दारातून डोकावून विचारायची, "कोण गेलं?" मला मात्र त्या गाण्यांनी कधी रडवलं नाही. उलट ती ऐकली की माझी पाठ ताठ व्हायची. मी माझा पांढरा शर्ट बादलीत काळा रंगवला. त्याच बादलीत नंतर बाबांची बनियनं भिजली आणि राखाडी होऊन बाहेर आली. बाबांनी चकार शब्द न काढता ती वर्षभर घातली.

एका दुपारी दादा मला टेबल टेनिसच्या हॉलमध्ये घेऊन गेला. टेबलं भिंतीला लावून चार पोरं वाजवत होती. मधला उंच पोरगा बेस वाजवत गात होता. अंगात काळा कोट, म्हणून सगळे त्याला कावळा म्हणायचे. दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीनं वाजवायची, म्हणजे कव्हर करायची, हे तर सगळेच करत. पण या पोरांनी उचललं होतं त्या वर्षीचं सगळ्यात उड्या मारणारं गाणं. न्हाव्याकडे, बसमध्ये, जिथे जावं तिथे ते वाजायचं. कावळ्यानं ते इतकं संथ म्हटलं, की त्यातले शब्द पहिल्यांदा कानावर पडले. नाचत नाचत ज्या ओळी आम्ही बडबडायचो, त्यांत एक मुलगी कुणाला तरी म्हणत होती, अंधार पडायच्या आत परत ये. आणि तो परत येणार नव्हता. हे मूळ गाण्यात होतंच, फक्त नाचणाऱ्यांना दिसत नव्हतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: चांगलं कव्हर मूळ गाण्याला त्याच्याच घरातली बंद खोली उघडून दाखवतं.

हे सगळं मी कावळ्याला मोठ्या आवाजात सांगितलं. तो ऐकून खो खो हसला.

"अहो, कसली खोली आणि कसलं काय! आमच्याकडे ड्रमर नव्हता. ठेका देणारं मशीन होतं, त्याची बॅटरी उतरली. ते रडतखडत चालायला लागलं, म्हणून आम्हीही त्याच्या मागून रडतखडत!"

त्याची बायकोही हसली. मी नाही हसले.

"बॅटरी उतरली हे खरं," मी म्हणाले. "पण तुम्ही थांबला नाहीत. दुसऱ्या कडव्यात आवाज खाली नेलात, गिटारवाल्याला हातानं गप्प केलंत. मी पहिल्या रांगेत होते. ते काय बॅटरीनं केलं?"

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "ते आठवतं तुम्हाला?"

"जसंच्या तसं."

"मला वाटलं होतं, सगळे आम्हाला हसतायत. त्यानंतर आम्ही वाजवलंच नाही."

मी त्याला तपासणीच्या बंद खोलीत बसवलं. खालचे सूर शाबूत होते. बारीक आवाज गेले होते, आणि त्यांतच बायकोचा आवाज होता. पण नुसतं बोलणं ऐकू येऊन भागणार नव्हतं. ही यंत्रं लांबलेल्या सुराला यंत्रातूनच निघणारी शिट्टी समजतात आणि दाबून टाकतात. म्हणून मी यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय करून दिली, ते त्याच्या कानात बसवलं आणि दटावलं, "पुढच्या वेळी बेस घेऊन या. त्याशिवाय तपासणी पुरी होणार नाही."

"विकली नाहीये ना?" बायकोनं त्याला विचारलं. तो दचकला. तिनं हळू आवाजात विचारलं होतं.

"माळ्यावर आहे," तो म्हणाला.

दवाखाना बंद असतो त्या दिवशी सकाळी तो बायकोला आणि बेस घेऊन आला. दादा तेव्हाच गिटार शिकला होता, म्हणून मी त्यालाही गिटारसकट बोलावलं होतं. त्याच्याबरोबर वहिनीही आली, "बघू तरी," म्हणत. खुर्च्या भिंतीला सरकवल्या. मशीन नव्हतं, बॅटरी नव्हती. कावळ्यानं पायानं ठेका धरला, तोही संथ, आणि गायला लागला. आवाज जरा खरबरीत झाला होता. गाण्याला ते शोभलंच. दुसऱ्या कडव्याला त्यानं हात वर केला, दादा गप्प झाला, आणि मी चाळीशी काढून पुसत बसले.

कावळ्याची बायको कानात प्राण आणून ऐकत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला गाताना ऐकलंच नव्हतं.

"हे असं घरात होतं आणि मला पत्ता नाही?" ती म्हणाली. रागावली होती की काय, कळेना. मग पदर खोचावा तशी ओढणी खोचून ती उठली. "सरका. ते 'परत ये' मुलगी म्हणते ना? मग ते मी म्हणणार."

तिचा आवाज पातळ आहे, पण सुरात पक्का. आता दर आठवड्याला आम्ही जमतो. नवं गाणं तिनंच निवडलंय, तिच्या कॉलेजातलं, एकदम थिल्लर. पहिलं कडवं बसलंय. दुसऱ्यात काहीतरी दडलंय असं कावळा म्हणतो, आणि ते आम्ही शोधून काढणार.