भागीरथीचा इंग्रजी सिनेमा

इंदुबाईनं टीव्हीवरचं कापड काढलं आणि निंबाला हात धरून सगळ्यांत पुढं बसवलं. मागं गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्याची बायको भागीरथी वारून दोन महिने झाले होते. तिच्या आवडीचा इंग्रजी सिनेमा आज दुपारी पुन्हा लाव, म्हणून बायकांनी केबलवाल्या भूपेंद्रच्या मागं लकडा लावला होता.

"तुमी बघितला नसंल," चहाची कपबशी देत इंदुबाई म्हणाली. "तुमी कारखान्यात. पडद्यावर कोण काय बोलतं, ते आमले तीच सांगे."

"तिला इंग्रजी येत होतं?"

"मंग? इथं भेस्तानला यायच्या आधी पारशीणबाईकडं भांडी घासायला होती ना ती. तिथंच शिकली."

निंबा बशीत चहा ओतू लागला. भागीरथीला बसची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

सिनेमा जुन्या काळातल्या हॉलिवूडचा होता. लांबलचक मोटारी, केसाळ कॉलरचे कोट, एक देखणी नटी आणि तिच्या मागं कॅमेरे घेऊन धावणारे पेपरवाले. नटीचं लग्न झालं होतं आणि तिचं दुसऱ्याच कुणाशी तरी जमलं होतं, एवढं निंबालाही कळलं. मेजवानीत तिनं स्टुडिओच्या जाड्या मालकाच्या तोंडावर दारू फेकली तेव्हा बायका खिदळल्या.

"बस बोंबलत, ढोल्या," दोघीतिघी एकदम म्हणाल्या. भागीरथीनं तिथं हेच म्हणायला शिकवलं होतं.

निंबा हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. तीच शेजारी बसून सांगतेय असं त्याला वाटत होतं. सिनेमा लवकर संपू नये, एवढंच त्याला हवं होतं.

पडद्यावर नटी एका रेल्वे स्टेशनवर येऊन बाकावर बसली.

"आता बघा," शेजारची छाया म्हणाली. "आता ती घर सोडून चाललीय."

"त्या माणसाबरोबर?"

"छे हो. कुणाबरोबर नाही. नवऱ्याला कंटाळलीय. नवरा वाईट नाही, पण घरात असून नसल्यासारखा. संध्याकाळपर्यंत बसून राहते. गाड्या येतात, जातात. मग तिला आठवतं, खोलीची किल्ली आपल्याच कमरेला राहिली. नवरा कामाची पाळी संपवून आला असंल, बाहेर बसला असंल."

निंबानं पडद्याकडं बघितलं. तिथं किल्ली कुठंच नव्हती. नटीच्या हातात पांढरे हातमोजे होते आणि ती सिगारेट ओढत होती.

सुरतच्या उधन्यातली त्यांची पहिली खोली त्याला आठवली. एकदा तो पाळीवरून आला तर दाराला कुलूप होतं. तो उंबऱ्यापाशीच भिंतीला टेकून झोपून गेला होता. दिवेलागणीला भागीरथी आली. तिनं दार उघडलं, भाकरी टाकल्या. तो जेवला आणि आत जाऊन झोपला.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय, तिच्या हातातली कपड्यांची पिशवी बघून त्याला सगळं समजलं. पण देवमाणूस. एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून ती राहिली त्याच्याजवळ, जन्मभर. हे सांगताना भागाकाकू दरवेळी रडायची. आम्ही हसायचो तिला."

निंबाच्या बशीतला चहा मांडीवर सांडला. ते त्याला कळलंही नाही. पिशवी होती का तिच्या हातात? तो आठवून आठवून बघत होता. त्या दिवशी त्याला काहीच समजलं नव्हतं. त्याला झोप आली होती, एवढंच.

पडद्यावर नटी घरी पोचली. सूट घातलेला नवरा दारातच उभा होता. तो तिला हळू आवाजात काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय, भाऊ?" मागून इंदुबाईनं विचारलं.

निंबानं कपबशी खाली ठेवली.

"विचारतोय," तो म्हणाला, "कुठं गेली होतीस."

"असं कसं? भागी तर सांगे, तो विचारतच नाही."

नटी बोलू लागली. निंबा टीव्हीच्या अगदी जवळ सरकला आणि तिच्या ओठांकडं बघत राहिला.