अल्ताफच्या धमनीतला गोंद

मी गोंद बोलतोय. पोरांच्या वह्यांना लावायचा नव्हे, माणसाची धमनी फुटली की तिच्यात सोडायचा. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत जेमतेम अर्धा मिलीलीटर, एवढाच माझा संसार. रक्त लागलं की क्षणात मी घट्ट होतो आणि वाहणारी जागा बंद करतो. म्हणून मला नेणाऱ्या बारीक नळीतून आधी साखरेचं पाणी सोडतात, नाहीतर मी वाटेतच बसकण मारीन.

कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या फ्रिजमध्ये मी आठ महिने पडून होतो. दार उघडलं की बाहेर पेशंटच्या नातेवाइकांचं बोलणं कानी यायचं. जात कुठलीही असो, धर्म कुठलाही असो, एक वाक्य ठरलेलं असायचं, "घरात विचारून सांगतो." मला त्याचं हसू यायचं.

एके सकाळी शिरोळहून अल्ताफला आणलं. उसाच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करणारा माणूस. जॅक सरकला आणि ट्रॉली त्याच्या कमरेवर आली. वरून जखम दिसेना, पण ओटीपोटात धमनी फुटून रक्त आतल्या आत वाहत होतं. डॉक्टर पूर्णिमांनी मला ट्रेमध्ये काढून ठेवलं आणि त्याच्या बायकोपुढे, हुस्नापुढे, कागद धरला.

"ताई, जांघेतून नळी घालून आतली जागा बंद करायची आहे. तुमची सही चालते."

"चालंल हो. पर थोरलं भाईसाब गडहिंग्लजवरनं निघाल्यात. त्यास्नी इचारल्याबिगर आमच्यात कायबी हुईत न्हाय."

बाई बारावी शिकलेली. मुलींच्या प्रगतिपुस्तकावर सही तीच करायची. पण हे काम थोरल्या दिराचं, असं तिनं धरलं होतं. ती फोन लावत राहिली, फोन लागेना. डॉक्टर पुन्हा पुन्हा समजावत होत्या. अल्ताफला रक्ताच्या पिशव्या चढत होत्या, पण चढतंय त्यापेक्षा जास्त वाहत होतं. मला मात्र ट्रेमधून तसूभर हलता येत नव्हतं. इतका राग मला कधीच आला नव्हता.

पाऊण तास गेला. अल्ताफचे ओठ पांढरे पडलेले बघितले आणि हुस्नानं सही केली.

डॉक्टरांचा हात पक्का होता. साखरेच्या पाण्यामागून मी गेलो, फुटक्या जागी पोचलो आणि घट्ट झालो. रक्त थांबलं. पण तोवर फार रक्त गेलं होतं आणि हृदय दमलं होतं. चार वाजता अल्ताफ गेला.

थोरले अल्लाउद्दीन मधल्या वेळात येऊन पोचले होते. सगळं ऐकून ते बाकावर खालीच बसले.

"सही करून टाकायची की गं पोरी. मला त्यातलं काय कळतंय?"

"तुमाला इचारल्याबिगर आजवर काय केलंय व्हय आमी?" हुस्ना म्हणाली.



मी माणसाच्या अंगातून परत निघत नाही. अल्ताफबरोबर मलाही शिरोळच्या मातीत ठेवलं. हुस्नावर माझा राग उरलेला नाही, बिचारी रीतीनं वागली. माझं मागणं घरोघरच्या थोरल्यांकडे आहे. आज जेवायला बसाल तेव्हा घरच्यांना एवढं सांगा, "तशी वेळ आली तर माझी वाट बघू नका, सही करून टाका."