ताळ्याविना पन्नास गणितं

गजराचं घड्याळ वाजलं तेव्हा अंजनाची एकतीस गणितं झाली होती. पन्नास गणितं आणि पस्तीस मिनिटं. नाथाजी गुरुजींच्या कुंडल गावातल्या घरी, पुढच्या सोप्यावर, महिनाभर हेच चाललं होतं.

गुरुजींनी वही तपासली. एकतीसच्या एकतीस बरोबर. आनंद व्हायचा तो राहिला बाजूला, उलट त्यांना थकल्यासारखं झालं. बँकेच्या परीक्षेत नुसतं बरोबर येऊन भागत नव्हतं, उरकावंही लागत होतं.

अंजनाचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. ती मॅट्रिक झालेली. बँकेत कारकून म्हणून लागली, तर सांगलीत खोली घेऊन आपल्या पायावर उभी राहणार होती. नाहीतर भावाच्या घरात भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा. पुढच्या साली वयाची अट आड येणार होती.

"आवं, महिना झाला नळ सोडून, तुमची टाकी भरली का न्हाई अजून?" नळ-टाकीची गणितं महिनाभर कानावर पडलेली गुरुजींची बायको सुलाबाई चहा ठेवत म्हणाली.

अंजना हसली. गुरुजींचं लक्ष वहीच्या समासाकडे होतं. प्रत्येक गणिताशेजारी बारीक आकडे होते. ताळा. अंकांच्या बेरजा करून गुणाकार पडताळायचा आणि जुळल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, ही सवय त्यांनीच तिला चौथीत लावली होती. छडी घेऊन लावली होती.

"अंजना, ताळा सोड."

"आँ?"

"उत्तर आलं की खूण कर आणि पुढं चल."

"आवं गुर्जी, तुमीच म्हनायचा, बिनताळ्याचं गणित म्हंजी बिनकडीचं दार."

"म्हणत होतो खरं." गुरुजी चष्मा पुसत राहिले. आपण सांगतोय ते तरी धड आहे का, हे त्यांना कळेना. असला पेपर त्यांनी जन्मात दिला नव्हता.

परीक्षेच्या रविवारी तेही तिच्याबरोबर सांगलीला गेले आणि फाटकाबाहेर एका दगडावर बसून राहिले.

अंजना बाहेर आली ती घामाघूम. "पन्नास झाली, गुर्जी. एकाचाबी ताळा न्हाई केला. चोरी केल्यागत वाटतंय."

पेपर परत घेतले होते. परतीची एसटी कर्नाळच्या पुढं गेल्यावर तिला एक गणित आठवलं.

"एकशेवीस मीटरची आगगाडी, ताशी चौपन्न किलोमीटर. एकशेऐंशी मीटरचा पूल किती येळात वलांडंल? मी बारा सेकंद धरलं. बरुबर हाय न्हवं?"

होय म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? निकाल लागायला दोन महिने होते, तेवढे दिवस पोर निवांत झोपली असती. पण चुकलेल्या गणिताला बरोबर म्हणायला त्यांची जीभ वळेना.

"वीस. गाडीची लांबी मिळवायची राहिली तुझी. तिचं शेपूट पुलावरनं उतरायला नको?"

अंजनानं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "ताळा केला असता तर घावली असती व्हय चूक?"

गुरुजींनी मनात करून पाहिलं. सेकंदाला पंधरा मीटर, पंधरा बारे एकशेऐंशी. चोख जुळत होतं.

"नाही. ताळा जुळलाच असता."

"मग इतकी वर्सं आपण करत काय हुतो, गुर्जी?"

गुरुजींनी सवयीनं हातातल्या तिकिटावरच्या आकड्यांची बेरीज केली. पाठ दुखत होती, डोकं शिणलं होतं.

"अजून एक आठवतंय," अंजना म्हणाली. "सांगू?"

"सांग," गुरुजी म्हणाले.